जगदेवनं पाहिलेली शेवटची गाडी

वाशिमच्या पुसद नाक्यावर माझं बी-बियाण्याचं दुकान आहे आणि त्याला लागून जगदेवचं गॅरेज. मधे एक पत्र्याची भिंत. बावीस वर्षं झाली, मी त्याच्या हातोड्याचे ठोके ऐकतो आणि तो माझी गिऱ्हाइकांशी होणारी भांडणं ऐकतो. मी बोलल्याशिवाय राहत नाही आणि तो बोलतं केल्याशिवाय बोलत नाही, म्हणून आमचं जमलं. दोघंही बोलणारे असतो तर ती भिंत केव्हाच पडली असती.

अलीकडे लोक मला विचारतात, "दौलतराव, तुमचा शेजारी आता गाडी पाहून देत नाही म्हणते. काहून?" मी सांगतो, त्याले डोळ्यानं कमी दिसते. हे खोटं आहे. त्याचे डोळे माझ्यापेक्षा धड आहेत. दुसऱ्यासाठी गाडी पाहणं त्यानं मागच्या वर्षी सोडलं, आणि ज्या कारणानं सोडलं त्यात निम्मा हात माझा आहे. हे तोंडानं सांगायची माझी हिंमत होत नाही. लिहून पाहतो.

वाशिमच्या आसपास जुनी गाडी घ्यायची तर आधी जगदेवला दाखवायची, अशी रीतच पडून गेली होती. मुलगी पाहायला जाताना घरातलं एक शहाणं माणूस सोबत नेतात, तसं त्याला न्यायचे. त्याची अट एकच. तो येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. गेल्या गेल्या बॉनेटवर तळहात ठेवायचा. बॉनेट कोमट लागलं तर एक शब्द न बोलता परत फिरायचा, कारण गरम इंजिनाचे आजार झाकले जातात हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं. थंड असलं तर पुढचं काम. सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढून टोकाशी गाळ आहे का बघायचा, म्हणजे पुरात बुडालेली गाडी कळते. ऑइल दोन बोटांत चोळून त्याचा वास घ्यायचा. मग गाडी चालू करायला लावून लांब पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवून डोळे मिटायचा. आणि शेवटी दोनपैकी एक वाक्य. "घ्या", नाहीतर "राहू द्या". घ्या म्हटलं तरी फी तेवढीच, राहू द्या म्हटलं तरी तेवढीच.

माझ्या मेव्हण्यानं एकदा एक जीप पसंत केली होती. हार आणला, पेढे आणले, बायकोला पुढच्या सीटवर बसवून पाहिलं आणि मग जगदेवला बोलावलं. जगदेव म्हणाला, "राहू द्या." मेव्हणा चिडला. पेढे वाया जातील म्हणून की काय, त्यानं जीप घेतली. महिनाभरात ती जऊळक्याच्या अलीकडे भर उन्हात अशी बसली की शेवटी ट्रॅक्टरनं ओढून आणावी लागली. तेव्हापासून मेव्हणा जगदेवला नमस्कार करतो आणि माझ्याशी जरा कमी बोलतो.

हा कान त्याला आला कुठून, तर मळ्यातून. घरचे भाजीवाले माळी. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, पालक, रोज पहाटे बाजारात. विहिरीवर जुनं डिझेल इंजिन होतं. बाप वाफ्यात आणि हा इंजिनाजवळ. इंजिनाचा ठोका जरा बदलला की हा लहानपणीच सांगायचा, बाबा, पाणी तुटलं. मळा पुढे भावानं सांभाळला. जगदेव नाक्यावर आला आणि इथलाच झाला. पन्नाशी उलटली, पण स्वतःची म्हणून चारचाकी त्यानं कधी घेतली नाही. एक जुना छोटा टेम्पो आहे, तोही भावाच्या भाजीला लागतो. लोकांच्या गाड्या पाहण्यात त्याचं आयुष्य चाललं होतं, आणि त्याबद्दल त्याची तक्रारही नव्हती. ती पिवळी गाडी आली नसती तर कदाचित कधीच झाली नसती.

ती गाडी शिरपूरच्या कांतीलाल शेटजींच्या पारसची. शिरपूर जैनमध्ये शेटजींचं भुसाराचं दुकान, आणि अकोल्याला पारस डाळमिल चालवायचा. रोज जाणं-येणं. तेरा साली त्यानं पुण्याहून एक जुनी पण जोरकस गाडी आणली. परदेशी बनावटीची, टर्बो इंजिनाची, हळदीसारखी पिवळी. कंपनीचं नाव मला तेव्हाही नीट घेता येत नव्हतं. शिरपुरात पोरं तिला शाळेची बस म्हणायची. घ्यायच्या आधी पारस जगदेवला पुण्याला घेऊन गेला होता. जगदेवनं पट्टा ओढला, ऑइल चोळलं, पेचकस लावला आणि डोळे उघडायलाच तयार नाही. पारसनं विचारलं तेव्हा म्हणाला, "घ्या." आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, एक वाक्य जास्तीचं बोलला. "लवकर घ्या."

व्यापाऱ्याच्या पोराला एवढी वेगाची हौस कशाला, असं मीही म्हणायचो. कारण हौसेचं नव्हतं. पारसच्या आईचा, सुंदरबाईंचा, सूर्य मावळला की अन्नपाणी बंद, हा नियम. आणि दुसरा नियम त्यांनी स्वतःच स्वतःला लावून घेतलेला, की पारस घरी आल्याशिवाय जेवायचं नाही. हे दोन नियम एकत्र आले की काय होतं बघा. पोराला अकोल्याहून निघायला उशीर झाला, पातूरच्या घाटात एखादा ट्रक आडवा आला, की आईला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उपास. पारसनं पुष्कळ समजावलं. आई ऐकेना, तेव्हा पोरानं गाडी बदलली. मालेगावच्या फाट्याकडून त्या टर्बोचा आवाज आला की सुंदरबाई तवा ठेवायच्या. पारस हातपाय धुऊन येईपर्यंत पहिली पोळी पानात पडायची. अख्ख्या गल्लीला त्या आवाजावरून दिवस किती उरला ते कळायचं.

गाडीचं सगळं काम जगदेवकडे. दर महिन्याला ती आमच्या नाक्यावर उभी राहायची आणि मी पत्र्याच्या फटीतून जगदेवला बघायचो. इतर गाड्यांची कामं त्याचा हाताखालचा दिनेश करायचा. पिवळीला दिनेशनं हात लावला की जगदेव नुसता बघायचा आणि दिनेश बाजूला व्हायचा. एकदा पारस म्हणाला, "काका, आज तुम्ही चालवा." दोघं मेडशीच्या पुढे घाटापर्यंत जाऊन आले. परत आल्यावर जगदेव माझ्या दुकानातल्या खताच्या पोत्यावर येऊन बसला. मी विचारलं, कशी आहे? त्यानं फडक्यानं हात पुसले. मग म्हणाला, "दौलतभाऊ, मी आजपर्यंत गाड्या निस्त्या ऐकल्याच. चालवली आज." संध्याकाळी त्याची बायको, पंचफुलावहिनी, मला विचारायला आल्या, की भाऊजी, यायले काय झालं, जेवले नाहीत.

पण पारसचं काहीतरी वेगळं चाललं होतं, आणि ते आमच्यापैकी कोणालाच दिसलं नाही. पावसाळ्यात संध्याकाळी त्या वेगानं यायचं म्हणजे समोरच्या काचेवर किड्यांचा थर. जैनाचं पोर ते. एकदा गॅरेजात ओल्या फडक्यानं काच पुसता पुसता थांबला आणि म्हणाला, "काका, एका फेरीत किती मरत असतील?" जगदेवला वाटलं हा काच साफ करायच्या कटकटीबद्दल बोलतोय. त्यानं सरळ उत्तर दिलं, "पावसाळ्यात जास्त. हिवाळ्यात कमी होते." हे उत्तर जगदेवला पुढे फार वर्षं टोचत राहिलं. मी त्याला म्हटलं, बावा, कोणी एका उत्तरानं साधू होत नाही. पण त्याला ते पटलं असं वाटत नाही.

अठरा साली पारसनं दीक्षा घेतली. शिरपुरात मोठा वरघोडा निघाला, बँड, सजवलेला रथ, उधळलेले तांदूळ. लोक सुंदरबाईंच्या पाया पडत होते, तुमची कूस धन्य झाली म्हणत होते, आणि त्या हसत होत्या. अशा वेळी आईला रडायची सोय नसते. जगदेव आणि मी कडेला उभे. गाडी शेटजींच्या दारातच उभी होती, कोणीतरी तिलाही हार घातला होता. रथ तिच्या अगदी जवळून गेला. जगदेवचं सगळं लक्ष पारसच्या मानेकडे. मान वळली नाही. "एकदा तरी पाह्याले पाह्यजे होतं," जगदेव म्हणाला. मी म्हटलं, सोडणं म्हणतात ते यालाच. जो माणूस दिवस मावळायच्या आत सत्तर-ऐंशी किलोमीटर तोडायचा तो दुसऱ्या दिवसापासून अनवाणी चालू लागला, आणि कोणत्याही वाहनात पुन्हा बसला नाही.

गाडी शेटजींच्या मागच्या गोदामात गेली. महिन्याभरानं जगदेव आपणहून शिरपूरला गेला, बॅटरी उतरू नये म्हणून चालू करून बघायला. वेळ संध्याकाळची. पाच मिनिटं इंजिन चालू ठेवलं असेल. बंद करून हात पुसत घरात गेला तर सुंदरबाईंनी तवा ठेवलेला आणि पोळी लाटायला घेतलेली. जगदेवला दारात बघून त्यांच्या लक्षात आलं. लाटणं तसंच हातात. शेटजी जगदेवला बाहेर घेऊन आले आणि म्हणाले, "आता चालू नको करू कधी." जगदेवनं पुन्हा कधी चालू केली नाही. गोदामाला कुलूप लागलं. मधे कोरोना येऊन गेला, जगदेवच्या मुलीचं, तनुजाचं, लग्न झालं, माझे केस गेले. गाडी तिथंच राहिली.

मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावर शेटजींचा फोन आला. गोदाम पाडून तिथं भाड्याच्या खोल्या काढायच्या आहेत, गाडीचं काहीतरी करावं लागेल, येऊन एकदा बघून जा, एवढंच. त्या दिवसापासून जगदेवचं कामातलं लक्ष उडालं.

घ्यावी की नाही. पंधरा दिवस तो या एकाच गोष्टीभोवती फिरत होता. रोज दुपारी पोत्यावर येऊन बसायचा आणि रोज नवी शंका काढायचा. सात वर्षं उभी असलेली गाडी, टायर गेले असणार, रबर गेलं असणार, टाकीत पेट्रोलचा चिकट गाळ झाला असणार. सुटे भाग पुण्याला मिळाले तर मिळाले. पेट्रोल पिते म्हशीसारखं. आणि घेऊन जायचं कुठे, तर मळ्यातून नाक्यावर आणि नाक्यावरून मळ्यात? लोक हसतील, म्हातारपणी पिवळी गाडी घेऊन हिंडतो म्हणतील. "दुसऱ्यासाठी पाहत असतो ना दौलतभाऊ," तो म्हणाला, "तर न जाताच 'राहू द्या' म्हटलं असतं." मग मी म्हणायचो, मग राहू दे. तो उठून जायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पोत्यावर.

निकाल लावला पंचफुलावहिनींनी. मला वाटलं होतं त्या भांडतील. त्या माझ्यासमोरच त्याला म्हणाल्या, "जिंदगीभर लोकायच्या गाड्या पाह्यल्या. एक आपली घ्या. तनूचं लग्न झालं, आता कोणासाठी मन मारता? चालली नाही तर दारात उभी ठेवू, मी रोज पुसत जाईन." जगदेव मान खाली घालून हसला. बावीस वर्षांत त्याला असं हसताना मी दोन-तीनदाच पाहिलं असेल.

इथं मी तोंड घातलं. माझे वडील बैलबाजारातले दलाल होते. अनसिंगपासून पार हिंगोलीपर्यंत त्यांच्याशिवाय चांगली जोडी हलत नसे. त्यांचे कायदे मला लहानपणापासून पाठ. जो बैल घ्यायचा त्याच्याकडे सर्वांत शेवटी बघायचं. घ्यायला आलो म्हणून सांगायचं नाही. आधी खोडी काढायच्या, शिंग, खूर, वशिंड, दात. मालकाचं मन उतरलं की उठून चालायला लागायचं, तो हाक मारेल. नाही मारली तर आठ दिवस थांबायचं. जो आधी हाक मारेल तो हरला. हे सगळं मी जगदेवला समजावून सांगितलं. त्यानं विचारलं, "शेटजीले सरळ सांगतलं तर? मले पाह्यजे म्हणून?" मी म्हटलं, "वेडा आहेस का तू. व्यापारी माणूस आहे. तुझा जीव गाडीत आहे हे कळलं की किंमत चढलीच. तू फक्त दोन खोडी सांग, बाकी मी बघतो."

असं म्हणून मी त्याच्यासोबत गेलोसुद्धा. हे मला कोणी करायला सांगितलं नव्हतं.

शिरपूरला पोचलो तेव्हा चार वाजले असतील. शेटजी गोदामाच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते. थकले होते, पण टोपी, कोट व्यवस्थित. कुलूप उघडलं. गाडीवर धुळीचा थर, चारही टायर बसलेले, आरशावर कोळ्याचं जाळं, मागच्या सीटवर उंदरांनी कापूस उपसून ठेवलेला. पिवळा रंग कुठे कुठे दिसत होता. जगदेव पुढे गेला आणि नेहमीप्रमाणे बॉनेटवर तळहात ठेवला. सात वर्षं बंद असलेल्या गाडीचं बॉनेट गरम आहे का, हे काय बघायचं असतं? पण हात बराच वेळ तिथंच राहिला. मी खाकरलो, तेव्हा त्यानं उचलला.

मग काम. ऑइल बोटांत चोळलं. वायरी बघितल्या, उंदरांनी ठिकठिकाणी खाल्लेल्या. प्लग काढले, आत थोडं थोडं ऑइल सोडलं. शेवटी पुढच्या चाकाच्या बाजूनं आडवा झाला, आत हात घातला आणि इंजिनाच्या मुख्य बोल्टला लांब पाना लावला. इंजिन हातानं फिरतंय की जाम झालंय, हे तिथं कळतं. टॉर्च मी धरला होता. त्यानं जोर लावला. पाना हलेना. दोन्ही हातांनी पुन्हा लावला, आणि पाना फिरला. आधी करकरत, मग सावकाश, अर्धा फेरा. माझ्या टॉर्चच्या उजेडात मी तो फिरताना पाहिला. जगदेवचा चेहरा चाकाआड होता.

तो उठला, हात पुसत दाराशी आला. शेटजींनी विचारलं, "काय म्हणते, जगदेव?"

जगदेवनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी उपरणं खांद्यावरून काढून दुसऱ्या खांद्यावर टाकलं. वडील सौद्यात हेच करायचे, म्हणजे खोड काढ.

"उंदरायनं वायरिंग खाल्ली, शेटजी," तो म्हणाला. "टाकी गेली. टायर गेले." इथं त्यानं थांबायला हवं होतं. मी दोनच खोडी सांगितल्या होत्या, त्यानं तीन सांगितल्या. पण खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलायला लागला की त्याला माप राहत नाही. तो म्हणाला, "इंजिन जाम झालं."

शेटजी थोडे पुढे झुकले. "पुरं?"

"पुरं."

"म्हणजे चालूच नाही होणार? एकदा बी?"

"नाही," जगदेव म्हणाला.

 शेटजींनी गाडीकडे पाहिलं, मग घराच्या मागच्या दाराकडे. मला वाटलं मन उतरलं, आता चालायला लागायचं. मी जगदेवच्या कोपराला हात लावला. निघताना शेटजींनी त्याच्या हातात नेहमीची गाडी पाहायची फी ठेवली. घ्यायला आलो हे सांगितलंच नव्हतं, मग फी नको कशी म्हणणार? त्यानं घेतली. फाटकापर्यंत आम्ही मुद्दाम हळू चाललो. टेम्पोत बसून मी आणखी दोन मिनिटं काढली. हाक आली नाही.

"आठ दिवस," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी जगदेव दुकानात आला. "दौलतभाऊ, मी जाऊन सांगतो. माह्यं मन नाही लागून राह्यलं." मी त्याला बसवलं, चहा पाजला आणि सांगितलं की आता गेलास तर सगळं पाण्यात. पाचव्या दिवशी पुन्हा आला. मी पुन्हा तेच. मला खरंच वाटत होतं की मी त्याचं भलं करतोय. वडिलांचा कायदा मी कधी स्वतःच्या कामी वापरला नव्हता, दुसऱ्याच्या कामी वापरायची संधी आली होती, आणि ती मला सोडवत नव्हती. हेही लिहूनच टाकतो.

आठव्या दिवशी त्यानं माझा सल्ला विचारला नाही. टेम्पो दुकानासमोर लावला आणि म्हणाला, "येता का?" वाटेत तो स्वतःशी पाठ केल्यासारखं बोलत होता. "शेटजी, मी खोटं बोललो. इंजिन चांगलं आहे. गाडी मले पाह्यजे होती. तुमी म्हणसान ते देतो." मी मधे बोललो नाही. त्याचं बरोबर होतं.

गोदामाचं दार सताड उघडं होतं आणि आत काही नव्हतं. जमिनीवर ऑइलचा काळा डाग, त्याच्या भोवती गॅसनं कापल्याच्या खुणा, आणि पिवळ्या रंगाचे टवके. शेटजी बाहेर आले. "परवा नेली भंगारवाल्यानं," ते म्हणाले. "चाकं फिरत नव्हती, गल्ली अरुंद, म्हणून इथंच कापली. तू पुरं म्हटलं, मंग कायले ठेवाची?"

जगदेव उभा होता. वाटेत पाठ केलेलं बोलायला त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात सुंदरबाई पाण्याचे पेले घेऊन आल्या. फार वाळल्या होत्या. पेला त्याच्या हातात देत, शेटजींकडे मान करून म्हणाल्या, "बरं केलं जगदेव, तू खरं सांगतलं. मीच यायच्या मागं लागली होती, की जगदेवले बोलवा, एकदा चालू करून दाखव म्हणा, मंग कोणाले बी द्या. म्हटलं पाडायच्या आधी एकदा ऐकून घेऊ. नाहीच होत, तर नाही." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "इतके वर्ष संध्याकाळ झाली का माह्ये कान फाट्याकडेच. तू जाम झालं म्हटलं आणि सुटली मी त्यातून. आता टायमावर जेवून घेते."

मी जगदेवकडे पाहिलं. तो आता सांगेल असं मला वाटलं, आणि त्यानं सांगू नये असंही वाटलं. सांगायचं म्हणजे त्या बाईला काय सांगायचं? की ती चालू झाली असती? की तुम्ही ऐकली असती? त्यानं पाणी पिऊन टाकलं. "हो, बाईजी," म्हणाला. मग वाकून त्यांच्या पाया पडला. यापूर्वी तो कधी पडला नव्हता. त्यांना त्याचं नवल वाटलं.

शेटजींनी दारातून सांगितलं, "तुहा शब्द होता म्हणून मी दुसऱ्याले विचारलं नाही." ते त्यांनी मान म्हणून सांगितलं होतं.

 दुसऱ्या दिवशी रिसोडकडचं एक गिऱ्हाईक जगदेवला न्यायला आलं, गाडी पाहायची होती. जगदेव म्हणाला, "मी नाही पाहत आता. दुसऱ्याले दाखवा." गिऱ्हाइकानं पुष्कळ विनवलं, फी वाढवून देतो म्हटलं. जगदेव पाना घेऊन दुसऱ्या गाडीखाली गेला तो बाहेर आलाच नाही. असे कितीतरी परत गेले. गावात तऱ्हेतऱ्हेच्या वावड्या उठल्या, मी माझ्याकडून डोळ्यांची एक उठवली. पंचफुलावहिनींना त्यानं काय सांगितलं माहीत नाही. त्या मला भाऊजी म्हणतात अजून, पण पूर्वीसारख्या दुकानात येत नाहीत. त्या गाडी रोज पुसणार होत्या.

गेल्या महिन्यात, उन्हं उतरताना, जगदेव बऱ्याच दिवसांनी पोत्यावर येऊन बसला. गिऱ्हाईक नव्हतं. मी सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशव्या लावत होतो. तो रस्त्याकडे बघत होता.

"दौलतभाऊ," तो म्हणाला, "त्या दिवशी पाना फिरला होता."

मी पिशवी खाली ठेवली. "हो," म्हटलं. "टॉर्च माझ्याच हातात होता. मी पाहिला."

त्यानं माझ्याकडे वळून पाहिलं. त्याला हे माहीत नव्हतं. इतके महिने तो समजत होता की त्या दिवशी गोदामात ते खोटं एकट्या त्यालाच ठाऊक होतं, आणि मला ते आठव्या दिवशी टेम्पोत कळलं.

"मंग तुमी बोलले काहून नाही?" त्यानं विचारलं. रागानं नाही. गाडीच्या मालकाला विचारायचा तसं, की हा आवाज केव्हापासून येतो.

मी बोलल्याशिवाय न राहणारा माणूस. मी खाली ठेवलेली पिशवी पुन्हा उचलली. तो उठून गॅरेजात गेला, आणि पत्र्याच्या पलीकडे हातोड्याचे ठोके सुरू झाले.